‘काही लागलं तर सांगा’ एवढ्यावर भागत नाही

शेजारच्या घरात कुणी आजारी पडून दार लावून बसलं की आपण सगळे एकच वाक्य बोलतो : "काही लागलं तर सांगा हं, संकोच करू नका." बोलतो ते मनापासूनच. पण समोरचा सांगत नाही. आपली माणसं भिडस्त. अंगात १०२ ताप असला तरी "नाही हो, सगळं आहे घरात" असंच म्हणतील आणि रात्री बिस्किटावर भागवतील. या वाक्यात सगळा भार आजारी माणसावरच पडतो. काय लागेल ते त्यानं ठरवायचं, कुणाला सांगायचं तेही त्यानंच बघायचं आणि मागायला तोंडही त्यानंच उघडायचं.

त्याऐवजी असं विचारून बघा : "मी उद्या सकाळी साडेसातला भाजी आणायला निघतेय. तुमच्यासाठी दुधी आणू की मेथी? दूध अर्धा लिटर पुरेल की एक?" उत्तर एका शब्दाचं आणि मागितल्यासारखं वाटत नाही. जाणारी बाई जाणारच आहे, मग नाही कशाला म्हणायचं? कोरोनाच्या साथीत, २०२० आणि २०२१ मध्ये, ज्या सोसायट्यांमधली माणसं खरोखर सांभाळली गेली, तिथे असंच विचारलं जात होतं.

काळजी ‘वाटते’ आणि काळजी ‘घेतात’. एरवी या दोहोंत फारसं अंतर पडत नाही, कारण माणसं नजरेसमोर असतात. जिन्यात भेट होते, उतरलेला चेहरा दिसतो, हातातली औषधांची पिशवी दिसते आणि विचारपूस आपसूक होते. दार बंद झालं की हे आपसूक होणं थांबतं. मग वेळ ठरवावी लागते, माणूस ठरवावा लागतो, वस्तूसुद्धा ठरवावी लागते. ठरवून केलेली माया कोरडी असते असं कुणाला वाटत असेल, तर त्यानं आठ दिवस एका खोलीत बंद असलेल्या माणसाचा विचार करावा. सकाळी दहाला फोन येणार आणि साडेबाराला डबा येणार, हे त्याला आदल्या रात्री झोपताना माहीत असतं. आशा म्हणजे मला तरी एवढंच कळतं : उद्याचं काहीतरी ठरलेलं असणं.

आधी शब्दाबद्दल बोलू. २५ मार्च २०२० ला, ऐन गुढीपाडव्याच्या दिवशी, देशभर टाळेबंदी सुरू झाली आणि ‘सोशल डिस्टन्सिंग’ घरोघरी पोचलं. मराठीत त्याचं सरळ ‘सामाजिक अंतर’ करून टाकलं गेलं. आपल्या भाषेत ‘वाळीत टाकणं’ आहे. विटाळ आणि शिवाशिवीच्या नावाखाली इथे पिढ्यान् पिढ्या माणसांना लांब ठेवलं गेलं. सामाजिक बहिष्काराविरुद्ध महाराष्ट्राला २०१६ मध्ये वेगळा कायदा करावा लागला. अशा ठिकाणी हा शब्द जपूनच वापरायला हवा. जागतिक आरोग्य संघटनेनंही मार्च २०२० मध्येच ‘शारीरिक अंतर’ म्हणायला सुरुवात केली होती. सहा फूट लांब राहायचं ते शरीरानं. जिन्यात बोलायचं तर मध्ये सात पायऱ्या सोडा, साधारण तेवढंच अंतर होतं. बोलणं मात्र थांबवू नका.

आता व्यवस्था. एका विंगमध्ये वीस घरं धरा. एका कागदावर प्रत्येक घराची एक ओळ : घरात किती माणसं, साठीच्या पुढचं कोण, एकटं कोण राहतं, रोजची औषधं कुणाला आहेत, नेहमीचे डॉक्टर कोण, बाहेरगावी असलेल्या मुलाचा किंवा भावाचा नंबर काय आणि घराची दुसरी किल्ली कुणाकडे. हा कागद दोघांकडेच ठेवायचा, ग्रुपवर टाकायचा नाही. एका माणसाकडे तीनच घरं द्यायची. उत्साहात लोक सात-आठ घरं घेतात आणि पाचव्या दिवशी नेमकं तेच घर राहून जातं जिथून कुणी हाक मारत नाही. प्रत्येकाला एक बदली माणूसही आधीच नेमून ठेवायचा, कारण सांभाळणाराही आजारी पडतो. एप्रिल २०२१ च्या लाटेत घरंच्या घरं एकदम आजारी पडली, तेव्हा बदली माणूस नसलेल्या व्यवस्था दोन दिवसांत कोलमडल्या.

औषधांची चौकशी "औषधं आहेत ना?" अशी केली तर उत्तर "आहेत" असंच येतं. "रक्तदाबाच्या गोळ्या किती उरल्यात? पट्टी हातात घेऊन मोजा, मी थांबते," असं म्हणायचं. सात दिवसांच्या उरल्या की नव्या मागवायच्या, दोन दिवसांच्या उरेपर्यंत थांबायचं नाही. प्रिस्क्रिप्शनचा फोटो पुढून-मागून काढायचा, तारीख आणि डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक दिसला पाहिजे. नाहीतर औषधवाला परत पाठवतो आणि त्या फेरीत अर्धा दिवस जातो. इन्सुलिन कधीही दाराच्या कडीला लटकवून जायचं नाही. न उघडलेली बाटली किंवा पेन २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवायचं असतं. मे महिन्याच्या दुपारी दोन तास उन्हात राहिलं तर औषध बिघडतं, पण बाहेरून काही दिसत नाही. घंटा वाजवा आणि ते फ्रिजमध्ये गेल्याची खात्री करूनच निघा.

दारासमोर एक स्टूल ठेवायचं. वस्तू त्यावर ठेवा, घंटा वाजवा, सहा फूट मागे सरका आणि थांबा. थांबणं सगळ्यात महत्त्वाचं. बहुतेक जण घंटा वाजवून निघून जातात. दार उघडल्यावर समोर पिशवी दिसते, माणूस दिसत नाही. आत बंद असलेल्याला त्या दिवसभरात दिसणारा तो एकच चेहरा असतो, मास्कवरच्या डोळ्यांएवढा का होईना. एक मिनिट थांबा, नमस्कार करा, मेथी आज छान कोवळी मिळाली एवढं बोला. तोवर पॅसेजची खिडकी उघडी असू द्या. कोरोना मुख्यतः हवेतून पसरतो हे पुढे स्पष्ट झालं. त्यामुळे वस्तू पुसत बसण्यापेक्षा वारा खेळता ठेवणं आणि मास्क नीट लावणं जास्त कामाचं. सुरुवातीला भीतीपोटी लोकांनी भाज्या साबणानं धुतल्या. तसं करू नका. साबण भाजीत मुरतो आणि पोट बिघडतं. वाहत्या पाण्याखाली नीट चोळून धुतली की पुरे.

डब्याबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण चांगल्या मनानं केलेल्या चुका इथेच जास्त होतात.

एका आजारी माणसाच्या दोन वेळच्या आसट खिचडीला अर्धी वाटी तांदूळ, पाव वाटी मूगडाळ, चार वाट्या पाणी, हळद, मीठ, चमचाभर तूप आणि जिरं लागतं. कुकरच्या चार शिट्या. घरी जेवायला बसताना ती बरोबर होते, पण डब्यात अर्ध्या तासात घट्ट होऊन तिचा गोळा बनतो. घसा दुखणाऱ्याला तो गिळवत नाही. म्हणून डबा भरताना वरून अर्धी वाटी उकळतं पाणी घालून ढवळायचं. रात्रीचा वाटा लगेच वेगळा काढून गार झाला की फ्रिजमध्ये ठेवायला सांगायचं. शिजलेला भात उन्हाळ्यात दोन तासांपेक्षा जास्त बाहेर राहू द्यायचा नाही.

वास आणि चव गेलेल्या माणसाला "जबरदस्तीनं चार घास खा" म्हणून उपयोग नसतो. नाकानं कळणारा स्वाद गेलेला असला तरी आंबटपणा, खारटपणा, गार-गरम आणि कुरकुरीतपणा बऱ्याच जणांना थोडाफार जाणवतो. त्यामुळे खिचडीबरोबर भाजलेला पापड, लिंबाची फोड आणि गार ताक द्या. नुसत्या वरणभातापेक्षा हे जास्त खाल्लं जातं. आणि एक गोष्ट फार थोड्या लोकांच्या लक्षात येते : वास येत नसेल तर अन्न आंबलेलं कळत नाही. डब्याच्या झाकणावर कागदी चिकटपट्टी लावून त्यावर वार आणि वेळ लिहा, ‘मंगळवार, दु. १२’. एकट्या माणसाच्या घरी गॅसची गळती आणि करपल्याचा वासही कळत नाही, म्हणून झोपण्याआधीच्या फोनवर "रेग्युलेटर बंद केलात?" असं विचारायचं.

मधुमेह असेल, किंवा डॉक्टरांनी स्टेरॉइड दिली असतील, तर शिरा, साबुदाण्याची खीर, गुळाची पोळी प्रेमानंसुद्धा पाठवू नका. स्टेरॉइडनं रक्तातली साखर चढते. दुसऱ्या लाटेत काळ्या बुरशीच्या आजारानं जे हाल केले, त्यात वाढलेल्या साखरेचा वाटा मोठा होता. मुगाचं धिरडं आणि लसणीचं ताक पाठवा.

राहिला तो रिकामा डबा. आपल्याकडे शेजारणीचा डबा रिकामा परत करायचा नाही अशी रीत आहे. काही नाही तर चिमूटभर साखर घालून देतात. आजारी बाईच्या मनाला ही रीत टोचते. साचलेले चार डबे बघून "आता याच्यात काय घालून देऊ?" या विचारानं ती पाचव्या दिवशी सांगते, "आता नको पाठवू, मी करते काहीतरी." आणि ताप असताना ओट्याशी उभी राहते. म्हणून पहिल्याच दिवशी सांगून टाका : "डबे तुमच्याकडेच राहू देत, तुम्ही बऱ्या झालात की एकदम घेऊन जाईन." किंवा त्यांचंच पातेलं स्टुलावर ठेवायला सांगा आणि लांबूनच त्यात ओता.

आता ऑक्सिमीटर, म्हणजे बोटाला लावून रक्तातला ऑक्सिजन मोजायचं यंत्र. एका विंगला दोन पुरतात, प्रत्येकाबरोबर ट्रिपल ए च्या दोन जादा बॅटऱ्या. मोजण्याआधी पाच मिनिटं शांत बसायचं. बोटं गार असतील तर चोळून गरम करायची. नेलपॉलिश किंवा नखावरची मेंदी आकडा बिघडवते, ते बोट सोडायचं. तर्जनी किंवा मधलं बोट पूर्ण आत, हात छातीच्या उंचीवर टेकवलेला, आणि आकडा स्थिर होईपर्यंत निदान अर्धा मिनिट थांबायचं. पडद्यावर दोन आकडे असतात, एक ऑक्सिजनचा आणि एक नाडीचा. रात्री अकराला "ऑक्सिजन ८२ झाला!" असे जे घाबरेघुबरे फोन यायचे, त्यांतल्या काहींत तो आकडा नाडीचा निघायचा. दुसरी चूक उलट्या पडद्याची. त्या चौकोनी अंकांत ९८ उलटं धरलं की ८६ दिसतं. म्हणून फोनवर पहिला प्रश्न हाच विचारायचा, "दोन्ही आकडे वाचा, आणि अक्षरं सुलटी दिसतायत का ते बघा."

मोजणी दिवसातून चार वेळा, वहीत वेळेसकट. आकडा ९४ च्या खाली आला की बोट बदलून, बॅटरी बदलून पुन्हा मोजायचं. तरीही खालीच असेल तर लगेच डॉक्टरांना फोन. ९० च्या खाली गेला तर फोनाफोनीत वेळ घालवायचा नाही, दवाखान्याची गाडी बोलवायची. लक्षणं सुरू झाल्यापासून पाचव्या ते दहाव्या दिवसात जास्त डोळ्यांत तेल घालून बघायचं. या आजारात ऑक्सिजन उतरत असतानाही माणूस "मी ठीक आहे" म्हणत गप्पा मारत असतो. बसल्या जागी आकडा चांगला असेल तर सहा मिनिटं घरातल्या घरात सपाट जमिनीवर चालायचं आणि पुन्हा मोजायचं. तीनपेक्षा जास्त अंकांनी उतरला किंवा धाप लागली तर डॉक्टरांना कळवायचं. साठीच्या पुढच्यांना तीन मिनिटं पुरे, आणि दम्याच्या रुग्णांना हे करायला लावायचंच नाही. वही कोण बघणार हे मात्र ठरलेलं असावं. दूरदेशी असलेल्या मुलाला आकडे पाठवून समाधान मिळतं, पण अमेरिकेत तेव्हा रात्र असते. वही बघणारा माणूस दहा मिनिटांत दाराशी पोचू शकणारा हवा.

वाफ आणि काढा याबद्दल थोडक्यात. काढा दिवसातून एकदा, अर्धा कप. चार-चार वेळा मिरी, सुंठ, दालचिनी उकळून प्यायल्यानं पोटात आग पडते आणि ती नव्या लक्षणासारखी वाटते. वाफेनं विषाणू मरत नाही. उकळत्या पाण्याच्या पातेल्यानं मुलं भाजतात. ज्या घरात लहान मूल आहे तिथे डोक्यावर टॉवेल घेऊन पातेल्यावर वाकायचा सल्ला देऊच नका.

वेगळी खोली ही सगळ्यांकडे नसते. धारावीत १ एप्रिल २०२० ला पहिला रुग्ण सापडला. जेमतेम अडीच चौरस किलोमीटर जागा, लाखो माणसं, दहा बाय दहाच्या खोलीत आठ-दहा जण आणि संडास सार्वजनिक. तिथे "घरीच वेगळे राहा" म्हणून भागणारं नव्हतं. महापालिकेनं शाळा आणि हॉल ताब्यात घेऊन तिथे राहायची-जेवायची सोय केली, वस्तीतले खासगी डॉक्टर घरोघर तपासणीला उतरले, सामुदायिक स्वयंपाकघरं चालली. त्या जुलैत जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रमुखांनी धारावीचं नाव घेऊन कौतुक केलं. अंतर ठेवायला जागा नसेल तर ती कुणीतरी करून द्यावी लागते, आणि ज्यांच्याकडे रिकामी खोली आहे त्यांनी हे विसरू नये. सोसायटीचा क्लबहाउसचा हॉल वर्षभर कुलपात पडलेला असतो. तो एका कुटुंबाला दहा दिवस देता येतो.

आणि अजिबातच सोय नसेल, एका खोलीत चौघं असतील, तर आजारी माणसाची गादी खिडकीखाली, डोकं खिडकीकडे, पाय घराकडे. टेबलफॅन त्याच्या पाठीमागून खिडकीबाहेर वारा फेकेल असा ठेवायचा. तो घरात वारा फेकत असेल तर नसलेलाच बरा. मास्क सगळ्यांनी लावायचा, आजारी माणसानं तर लावायचाच. त्यानं मोरी-संडास सगळ्यांच्या शेवटी वापरायचा आणि नंतर अर्धा तास खिडकी उघडी ठेवायची. जेवण सगळ्यांनी एकत्र नको, कारण जेवताना मास्क निघतात. पण त्याला भिंतीकडे तोंड करून जेवायला बसवू नका. तो खिडकीपाशी जेवत असताना बाकीच्यांनी मास्क लावून गप्पा माराव्यात, आणि मग आपण जेवावं.

एकट्या राहणाऱ्या वडीलधाऱ्यांसाठी एक साधी खूण चालते. दिवेलागणीला, सात वाजायच्या आत, गॅलरीतला दिवा लावायचा. समोरच्या इमारतीतलं एक ठरलेलं घर तो दिवा बघणार. साडेसातपर्यंत लागला नाही तर फोन, फोन उचलला नाही तर किल्ली. सकाळी टॉवेल वाळत घालायची खूण काही ठिकाणी केली होती, पण जुलैच्या पावसात ती बंद पडली. दिवा बाराही महिने चालतो. वीज गेली तर आजूबाजूलाही अंधारच असतो, म्हणजे गोंधळ होत नाही. आजोबांना यात नजरकैद वाटू नये म्हणून ही खूण दोन्ही बाजूंनी करा. समोरच्यांनीही दिवा लावायचा आणि आजोबांनी तो बघायचा. आपणही कुणावर लक्ष ठेवतोय ही जबाबदारी त्यांना संध्याकाळी खुर्चीतून उठवते.

फोन रोज एकाच वेळी, दहा मिनिटांचा. "कसं वाटतंय?" याचं उत्तर कायम "बरंय" असतं. "दुपारी काय जेवलात? रात्री किती वेळा जाग आली? आज कुणाशी बोललात?" यांतून कळायचं ते कळतं. तीन दिवस सलग जेवणाचं उत्तर "चहा-बिस्किटं" आलं तर त्याच संध्याकाळी डबा न्या. कमी ऐकू येणाऱ्यांना व्हिडिओ कॉल बरा, ओठ दिसतात. मात्र आपण खिडकीकडे तोंड करून बसायचं. खिडकी पाठीमागे असली की चेहरा काळा दिसतो आणि त्यांना काहीच वाचता येत नाही. शाळकरी मुलांना यात आवर्जून घ्या. तिसरीतल्या मुलीनं वरच्या मजल्यावरच्या आजींना रोज पाठ्यपुस्तकाचं एक पान वाचून दाखवलं, तर आजी उच्चार सुधारतात आणि दोघींचाही वेळ सोन्याचा होतो.

ग्रुपवर रुग्णाचं नाव आणि फ्लॅट नंबर कधीही टाकू नका. कळवायचंच असेल तर ‘बी विंगमध्ये एक जण घरी विलगीकरणात आहेत, संपर्कात आलेल्यांना वेगळं कळवलं आहे’ एवढं पुरे. नाव फुटलं की दूधवाला दार टाळतो, लिफ्टमध्ये कुजबुज सुरू होते, आणि याहून वाईट म्हणजे पुढचा माणूस खोकला लपवतो. तपासणीला चार दिवस उशीर होतो आणि त्या चार दिवसांची किंमत सगळी इमारत मोजते. भीती घालणारा मेसेज आला तर टाकणाऱ्याला सगळ्यांसमोर झोडपू नका. त्याला वेगळा फोन करा. तो मेसेज त्यानं बहुधा घाबरूनच पाठवलेला असतो.

घरकामाच्या मावशींचा पगार एक तारखेला, पूर्ण, सुट्टी कापून न घेता. गेट आपण बंद केलं, त्यांनी नाही. खातं त्यांच्या स्वतःच्या नावावर आहे ना ते विचारूनच पैसे पाठवा, नवऱ्याच्या किंवा मुलाच्या फोनवर गेलेले पैसे त्यांच्या हातात पडतीलच असं नाही. टाळेबंदीत रेशनवर माणशी महिना ५ किलो धान्य मोफत होतं, शिवभोजन थाळी १० रुपयांवरून ५ रुपयांवर आणली होती. पण ज्यांचं कार्ड गावाकडचं होतं त्यांना धान्य मिळवताना अडचण आली. तेव्हा कार्ड कुठलं आहे, हेही विचारा.

शिधा द्यायचा तर चौघांच्या कुटुंबाला पंधरा दिवसांसाठी तांदूळ ५ किलो, पीठ ८ किलो, तूरडाळ २ किलो, मूग किंवा मटकी १ किलो, तेल २ लिटर, कांदे-बटाटे ३-३ किलो, साखर १ किलो, चहा पाव किलो, मीठ १ किलो, तिखट, हळद, शेंगदाणे अर्धा किलो, आणि अंगाचे व कपड्यांचे दोन-दोन साबण. पीठ कसलं ते आधी विचारा. मराठवाड्यातून, सोलापूरकडून आलेल्या घराला ज्वारी हवी असते, गव्हाचं पीठ त्यांच्या ताटात परकं. सॅनिटरी पॅड आणि फोनचं रिचार्ज हमखास राहून जातं. गॅस संपला असेल तर सगळा शिधा कोरडाच पडून राहतो, म्हणून सिलिंडरची चौकशी आधी. पिशव्या घरपोच द्या, रांग लावू नका. फोटो काढू नका. घेणाऱ्याची मुलं तो फोटो कधीतरी बघणार असतात.

सणांचं काय करायचं, हा प्रश्न घरोघरी पडला होता. २०२० च्या पाडव्याला साखरेच्या गाठी नव्हत्या, तिथे साध्या साखरेची पुरचुंडी बांधून गुढ्या उभ्या राहिल्या. त्या आषाढीला पायी वारी झाली नाही, पण संतांच्या पादुका एसटीनं पंढरपूरला गेल्या आणि वारकऱ्यांनी घरात अभंग म्हटले. गणपतीला सार्वजनिक मूर्ती चार फुटांची आणि घरची दोन फुटांची असं ठरलं, आणि लालबागच्या मंडळानं मूर्ती न बसवता रक्तदान आणि प्लाझ्मादानाचा आरोग्योत्सव केला. यातून शिकण्यासारखं म्हणजे तिथी सोडायची नाही, आकार लहान करायचा. रद्द केलेला दिवस मनात पोकळी ठेवून जातो. कॅलेंडरवर पुढची तारीख दिसत राहिली पाहिजे.

व्हिडिओवर आरती करताना मात्र सगळे एकदम गायला लागले की गोंधळ होतो. आवाज प्रत्येकाकडे थोडा उशिरा पोचतो, कुणी ‘दर्शनमात्रे’ला असतो तर कुणी अजून ‘सुखकर्ता’लाच. एका घरानं माइक चालू ठेवून म्हणायचं, बाकीच्यांनी माइक बंद करून आपापल्या घरात मोठ्यानं म्हणायचं. टाळ्या कॅमेऱ्यासमोर वाजवा, त्या दिसतात. प्रसादाची वाटी आजारी घराच्या स्टुलावर आरतीच्या दहा मिनिटं आधी पोचवा, म्हणजे सगळ्यांबरोबर त्यांच्याही हातात प्रसाद असतो.

मृत्यू झाला त्या घराबद्दल लिहिताना हात जड होतो. अंत्यविधीला वीस माणसांची मर्यादा होती, कित्येकांना तीही मिळाली नाहीत. खांद्याला खांदा लावून रडायची सोय नव्हती. अशा घरी पहिल्या दिवशी दीडशे फोन जातात आणि तिसऱ्या आठवड्यात एकही नाही. नातेवाइकांनी आपसांत वार वाटून घ्यावेत : सोमवारी मावशी, मंगळवारी चुलतभाऊ, असं किमान दोन महिने. शेजाऱ्यांनी पिठलं-भात पाठवायची जुनी रीत चालू ठेवावी, स्टुलावरूनच. फोनवर "शेवटी काय झालं?" हे विचारू नका, ते त्यांना शंभरदा सांगावं लागलेलं असतं. गेलेल्या माणसाची एखादी आठवण सांगा. ते भाजीवाल्याशी घासाघीस करताना कसे हसायचे, त्यांच्या हातची भरली वांगी कशी असायची. हे कागदावर लिहून दिलंत तर आणखी चांगलं. कागद पुन्हा पुन्हा वाचता येतो.

विलगीकरणाचे दिवस सुरुवातीला सतरा होते, जानेवारी २०२२ पासून सात झाले. शेवटच्या दिवशी सगळं संपलं असं आपल्याला वाटतं, पण बाहेर पडणाऱ्याला त्या दिवशी फार धाकधूक असते. लिफ्टमध्ये कुणी मागे सरकेल का, भाजीवाला पैसे टेबलावर ठेवायला सांगेल का. त्या सकाळी त्यांच्या मजल्यावर जा आणि खाली उतरताना सोबत करा. थकवा महिनाभरही राहतो, तेव्हा पहिल्या दिवशी गेटपर्यंतच, वाटेत बाकावर बसून. दुसऱ्या आठवड्यात चौकापर्यंत.

त्या दिवशी तुमचे डबे परत येतील, घासूनपुसून, झाकणावरच्या चिकटपट्ट्या काढलेले. रिकामे नसतील. रवा-नारळाच्या चार वड्या असतील, दम लागत लागत केलेल्या. घरी नेऊन ठेवू नका. त्यांच्या दारातच झाकण उघडा आणि त्यांच्यासमोर एक खा.